एक हेक्टर, तीन वाटे आणि उरलेली बाकी
व्यवहारी अपूर्णांकाचा दशांश करताना भागाकाराच्या शेवटी जे उरते, त्याकडे लक्ष का द्यावे?

कवठे महांकाळ हा सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडील पर्जन्यछायेतील तालुका. म्हैसाळ उपसा सिंचन योजनेतून कृष्णेचे पाणी जिथवर पोहोचले, तिथे द्राक्षांचे मांडव उभे राहिले. इतरत्र आजही आभाळाकडे पाहूनच पेरणी करावी लागते. अशा मुलखात वडिलोपार्जित रानाची वाटणी निघते, तेव्हा हिशेब एकरावर थांबत नाही, तो गुंठ्यापर्यंत येतो. आणि गुंठ्यापर्यंत आलेला हिशेब अखेर एका साध्या प्रश्नापाशी येऊन थांबतो. तो प्रश्न म्हणजे अपूर्णांकाचे दशांशात रूपांतर.

समजा, एक हेक्टर जमीन तीन भावंडांत समान वाटायची आहे. प्रत्येकाचा वाटा एक तृतीयांश. एका हेक्टरचे शंभर आर होतात. शंभराला तीनने भागले की तेहतीस येतात, म्हणून प्रत्येकाच्या नावे ३३ आर लावले. तिघांचे मिळून ९९ आर झाले. मग उरलेला एक आर कोणाचा? एक आर म्हणजे शंभर चौरस मीटर. गुंठ्याहून तो जेमतेम सव्वा चौरस मीटरने कमी. नऊ बाय पाच फुटांवर लावलेली द्राक्षबाग असेल, तर एवढ्या जागेत सुमारे चोवीस वेली बसतात. गावठाणालगत असेल, तर एक छोटे घर उभे राहते. कागदावर मात्र ही जागा कोणाच्याच नावावर नाही.

ही चूक भागाकाराची नाही. भागाकार बरोबरच होता. त्यात उरलेल्या बाकीकडे कोणी पाहिले नाही, एवढेच. हाताने भागाकार करण्याची जुनी रीत आजही शिकण्यासारखी आहे, ती याच कारणासाठी. गणकयंत्र फक्त उत्तर दाखवते. हाताने केलेला भागाकार उत्तराबरोबर बाकीही दाखवतो.

भागाकाराची रीत

व्यवहारी अपूर्णांक म्हणजे मुळात एक भागाकारच असतो. तीन अष्टमांश याचा अर्थ तीन भागिले आठ. वरची संख्या, म्हणजे अंश, हा भाज्य. खालची संख्या, म्हणजे छेद, हा भाजक. अडचण एवढीच, की तीनमध्ये आठ जात नाहीत. म्हणून भागाकारात प्रथम शून्य लिहून त्यापुढे दशांशचिन्ह द्यायचे आणि तीनवर एक शून्य घेऊन पुढे भाग लावायचा. पायऱ्या अशा :

३० ÷ ८ : भाग ३, बाकी ६
६० ÷ ८ : भाग ७, बाकी ४
४० ÷ ८ : भाग ५, बाकी ०

उत्तर ०.३७५.

शून्य घेण्याचा अर्थ मात्र समजून घ्यायला हवा, नाहीतर ती नुसती क्लृप्ती वाटते. तीन रुपये आठ जणांत वाटायचे आहेत असे समजू. पूर्ण रुपया कोणालाच मिळत नाही. म्हणून तीन रुपयांचे दहा-दहा पैशांचे तीस भाग केले. प्रत्येकाला तीन भाग मिळाले, सहा उरले. उरलेल्या सहा भागांचे साठ पैसे केले. प्रत्येकाला सात पैसे मिळाले, चार पैसे उरले. त्या चार पैशांचेही दहा-दहा भाग केले, तर चाळीस होतात आणि प्रत्येकाला पाच येतात. म्हणजे प्रत्येकी साडेसदतीस पैसे. बाकीवर शून्य घेणे म्हणजे उरलेल्या वस्तूचे दहापट लहान तुकडे करून ते पुन्हा वाटणे. संख्या दहापट मोठी दिसते, पण प्रत्येक तुकडा दहापट लहान झालेला असतो.

यातूनच बाकीचा खरा अर्थ कळतो. पहिल्या पायरीनंतर उरलेले सहा आणि दुसऱ्या पायरीनंतर उरलेले चार हे एकाच मापाचे नाहीत. पहिले दहा पैशांचे भाग आहेत, दुसरे पैसे आहेत. भागाकार जिथे थांबवाल, तिथली बाकी त्या स्थानाच्या मापात वाचावी लागते. हेक्टरचे तीन वाटे करताना दोन दशांश स्थळांवर थांबलो, तर बाकी एक उरते आणि तो एक आर असतो. चार स्थळांवर थांबलो, तरी बाकी एकच उरते, पण तो एक चौरस मीटर असतो.

विसरलेले शून्य

या रीतीत सर्वाधिक चुका भागाकारातील शून्यापाशी होतात. तीन चाळीसांशाचा दशांश काढू. तीनवर शून्य घेतले की तीस होतात. तीसमध्ये चाळीस जात नाहीत. म्हणून दशांशचिन्हापुढे शून्य लिहायचे आणि आणखी एक शून्य घ्यायचे. आता तीनशेमध्ये चाळीस सात वेळा जातात, बाकी वीस. दोनशेमध्ये पाच वेळा, बाकी शून्य. उत्तर ०.०७५. मधले शून्य गाळले, तर तेच उत्तर ०.७५ होते. तीन चाळीसांशाचे पाऊण होऊन बसतात!

हे उदाहरण मुद्दाम चाळीसचे घेतले, कारण एकराचे चाळीस गुंठे होतात. तीन गुंठे म्हणजे ०.०७५ एकर. येथेच व्यवहारात एक मोठी गल्लत होते. एक एकर पाच गुंठे हे क्षेत्र कोणी १.०५ असे टिपून ठेवतो. लिहिणाऱ्याच्या मनात ती नुसती खूण असते. डावीकडे एकर, उजवीकडे गुंठे. पण पुढे कोणी तोच आकडा दशांश समजून गणकयंत्रात घातला, की १.०५ एकर म्हणजे एक एकर दोन गुंठे होतात. पाच गुंठे हा एकराचा आठवा भाग, म्हणजे ०.१२५. खरे क्षेत्र १.१२५ एकर आहे. एका टिंबाच्या दोन अर्थांमध्ये तीन गुंठे हरवतात.

हेक्टर व आर यांच्या बाबतीत ही अडचण येत नाही, कारण हेक्टरचे आर शंभर आणि आरचे चौरस मीटरही शंभर. तेथे टिंब आणि दशांशचिन्ह एकमेकांना धरून चालतात. एकर-गुंठ्यांच्या जुन्या कागदावरील टिंब मात्र दशांशचिन्ह समजू नये. आधी गुंठ्यांना चाळीसने भागावे, मगच बेरीज-वजाबाकीला बसावे.

भागाकार संपतो केव्हा?

तीन अष्टमांशाचा भागाकार तीन पायऱ्यांत संपला. एक तृतीयांशाचा कधीच संपत नाही. दहामध्ये तीन तीनदा जातात, बाकी एक. पुन्हा शून्य घेतले की पुन्हा दहा, पुन्हा तीन, पुन्हा बाकी एक. हा फरक कशाने पडतो?

उत्तर दहा या संख्येच्या घडणीत आहे. दहाचे मूळ अवयव दोन आणि पाच. शंभर, हजार, दहा हजार या संख्यांतही दोन आणि पाच यांखेरीज दुसरा मूळ अवयव नाही. एखाद्या अपूर्णांकाचा भागाकार संपायचा, तर त्याच्या छेदाने अशा एखाद्या संख्येला पूर्ण भाग गेला पाहिजे. म्हणून नियम असा : अपूर्णांकाला प्रथम अतिसंक्षिप्त रूप द्यावे. त्यानंतर छेदात केवळ दोन आणि पाच हेच मूळ अवयव असतील, तर दशांशरूप खंडित असते. तीन, सात, अकरा असा दुसरा कोणताही मूळ अवयव उरला, तर ते अखंड आवर्ती असते. अतिसंक्षिप्त रूप आधी देण्याचे कारण उघड आहे. तीन द्वादशांशाच्या छेदात तीन दिसतो, पण तो अपूर्णांक वस्तुतः एक चतुर्थांश आहे आणि त्याचे दशांशरूप ०.२५ असे तिथेच संपते.

आपल्याकडील जुनी पाठांतरे या नियमाच्या उजेडात पाहण्यासारखी आहेत. पावकी, निमकी, पाऊणकी, सव्वाकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे पाढे मागील पिढ्यांतील मुले तोंडपाठ करीत. त्यांतील सारे अपूर्णांक अर्ध्याचे आणि पावाचे आहेत. रुपयाचे आणेही सोळा, म्हणजे दोनच्याच पटीतले. छेद दोन, चार, आठ, सोळा असा वाढत जातो आणि प्रत्येकाचा दशांश संपतो. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, तेव्हा एका आण्याचे सव्वासहा नवे पैसे झाले, ते यामुळेच. एक भागिले सोळा म्हणजे ०.०६२५. दोन आण्यांचे साडेबारा पैसे, चार आण्यांचे पंचवीस, आठ आण्यांचे पन्नास. चार आणे आणि आठ आणे हे शब्द बोलीत टिकून राहिले, याला त्यांचे पूर्ण पैशांत होणारे रूपांतरही कारण असावे.

तिसऱ्या हिश्श्याची गोष्ट मात्र उलटी झाली. जुन्या आण्याच्या बारा पै होत, म्हणजे रुपयाच्या एकशे ब्याण्णव. एकशे ब्याण्णवला तीनने नेमका भाग जातो. रुपयाचा तिसरा हिस्सा पाच आणे चार पै, बाकी काही नाही. शंभर पैशांच्या रुपयात तोच हिस्सा तेहतीस पूर्णांक एक तृतीयांश पैसे होतो आणि कधीच पुरा पडत नाही. जमिनीच्या मापातही हेच घडले. गुंठा म्हणजे तेहतीस फूट लांब, तेहतीस फूट रुंद, म्हणजे १०८९ चौरस फूट. त्याचा तिसरा हिस्सा नेमका ३६३ चौरस फूट येतो. दहा हजार चौरस मीटरच्या हेक्टरला तिसरा हिस्सा नेमका काढता येत नाही. दशमान पद्धतीने बेरीज, वजाबाकी, गुणाकार अतिशय सोपे केले, पण त्या सोयीसाठी तिसरा हिस्सा सोडून द्यावा लागला.

विहिरीच्या पाळीत हा हिस्सा आजही सहज सापडतो. सामाईक विहिरीचे पाणी तिघांनी आठवड्याच्या पाळीने घ्यायचे ठरवले, तर सात भागिले तीन, म्हणजे २.३३३... दिवस, असे न संपणारे उत्तर येते. पण दिवसाचे तास चोवीस आहेत आणि चोवीसला तीनने भाग जातो. म्हणून प्रत्येकाची पाळी दोन दिवस आठ तास ठरते आणि कोणाचा एक मिनिटही बुडत नाही. अपूर्णांक संपतो की नाही, हे त्या अपूर्णांकाइतकेच निवडलेल्या मापावरही अवलंबून असते.

सातचे चक्र

न संपणारे भागाकार अस्ताव्यस्त भटकत नाहीत, ही आणखी एक सुंदर गोष्ट. एक सप्तमांश घेऊ :

१० ÷ ७ : भाग १, बाकी ३
३० ÷ ७ : भाग ४, बाकी २
२० ÷ ७ : भाग २, बाकी ६
६० ÷ ७ : भाग ८, बाकी ४
४० ÷ ७ : भाग ५, बाकी ५
५० ÷ ७ : भाग ७, बाकी १

बाकी पुन्हा एक आली. सुरुवात एकपासूनच झाली होती, म्हणून यापुढे १४२८५७ हेच सहा अंक त्याच क्रमाने येत राहणार. हे अपरिहार्य आहे. सातने भागताना बाकी एक ते सहा यांपैकीच असू शकते. शून्य आली, तर भागाकार संपतो. न आल्यास सहा पायऱ्यांनंतर कोणती ना कोणती बाकी पुन्हा येणारच आणि एकदा आलेली बाकी पुन्हा आली की पुढचे सारे पुन्हा तसेच घडते. कोणत्याही व्यवहारी अपूर्णांकाचा दशांश एकतर संपतो, नाहीतर आवर्ती होतो. तिसरा मार्ग नाही. आणि हे समजते ते बाक्यांच्या रकान्याकडे पाहून, उत्तराच्या अंकांकडे पाहून नव्हे. तीन सप्तमांश हवे असतील, तर वरच्याच रकान्यात बाकी तीन जिथे आहे तिथून पुढे वाचत जावे. ०.४२८५७१ असे तेच चक्र वेगळ्या अंकापासून सुरू झालेले दिसेल.

या चक्रांचा ध्यास घेतलेला एक शिक्षक महाराष्ट्रात होऊन गेला. डहाणू येथे १९०५ साली जन्मलेले दत्तात्रय रामचंद्र कापरेकर फर्ग्युसन महाविद्यालयात शिकले आणि नाशिकजवळच्या देवळालीत शाळाशिक्षक म्हणून राहिले. गणितातील पदव्युत्तर शिक्षण त्यांनी घेतले नव्हते. ६१७४ या संख्येमुळे त्यांचे नाव जगभर पोहोचले. अमेरिकी लेखक मार्टिन गार्डनर यांनी १९७५ मध्ये त्यांच्याविषयी लिहिले. आवर्ती दशांशांच्या चक्रांवरही कापरेकरांनी पुस्तिका लिहिली होती. शाळेच्या फळ्यावर रोज होणाऱ्या भागाकारात त्यांना संशोधनाचा विषय दिसला, तो बाकीकडे टक लावून पाहिल्यामुळेच.

अर्ध्या पैशाचा प्रश्न

आवर्ती दशांश कुठेतरी तोडावाच लागतो. कुठे तोडायचा, हा प्रश्न गणिताइतकाच न्यायाचाही असतो. दुष्काळी तालुक्यांना परिचित असलेली पैसेवारी हे त्याचे उदाहरण. जुने नाव आणेवारी. पिकाचे प्रत्यक्ष उत्पन्न प्रमाण उत्पन्नाच्या किती आहे, हे रुपयात किती पैसे अशा भाषेत सांगण्याची ही महसुली पद्धत. पन्नास पैशांपेक्षा कमी पैसेवारी हा टंचाईचा निकष दीर्घकाळ मानला गेला. केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ नियमावलीनंतर पर्जन्यमान, जमिनीतील ओलावा, पिकांची स्थिती असे निकष पुढे आले, तरी पन्नास पैशांची ती रेघ शेतकऱ्यांच्या मनातून गेलेली नाही.

समजा, शाळूचे प्रमाण उत्पन्न हेक्टरी १३७५ किलो धरले आणि प्रत्यक्षात ६८५ किलो आले. अपूर्णांकाला पाचने संक्षिप्त केले की १३७ भागिले २७५ मिळतात. आता भाग लावू :

१३७० ÷ २७५ : भाग ४, बाकी २७०
२७०० ÷ २७५ : भाग ९, बाकी २२५
२२५० ÷ २७५ : भाग ८, बाकी ५०
५०० ÷ २७५ : भाग १, बाकी २२५

बाकी २२५ पुन्हा आली, म्हणून पुढे ८१, ८१ असे चालत राहणार. उत्तर ०.४९८१८१... म्हणजे एकोणपन्नास पैशांहून अधिक आणि पन्नासहून कमी. पूर्ण पैशांत आसन्न किंमत घेतली, तर ते पन्नास होतात आणि पन्नासपेक्षा कमी ही अट सुटते. पुढचे अंक नुसते सोडून दिले, तर एकोणपन्नास राहतात आणि अट पुरी होते. पीक तेच, भागाकारही तोच. प्रत्यक्ष पैसेवारी काढताना अनेक पिके आणि अनेक प्रयोग विचारात घेतले जातात. येथे केवळ अंकगणित दाखवायचे आहे. परंतु रेघेच्या अगदी जवळचे उत्तर असेल, तेव्हा ते आसन्न करण्यापूर्वी मूळ अपूर्णांकाशी ताडून पाहावे, एवढा धडा त्यातून निश्चित मिळतो. ताळा सोपा आहे. १३७ ची दुप्पट २७४ होते, ती २७५ पेक्षा कमी आहे. म्हणजे हा अपूर्णांक अर्ध्याहून कमीच.

शेवटपर्यंत अपूर्णांक राखावा

वाटणीच्या हिशेबात पाळण्याजोगा नियम हाच, की मधल्या पायरीवर दशांश तोडू नये. एक उदाहरण पाहू. चार हेक्टर ऐंशी आर जमीन, तीन भावंडे, त्यांतील एकाच्या पश्चात चार वारस. हिंदू उत्तराधिकार कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना मुलांइतकाच हक्क दिला आहे, त्यामुळे वाटण्यांतील छेद पूर्वीपेक्षा मोठे होत आहेत. या चौघांपैकी प्रत्येकाचा वाटा एक तृतीयांशाचा चौथा भाग, म्हणजे एक द्वादशांश. ४८० आर भागिले १२, म्हणजे नेमके ४० आर. पण आधी एक तृतीयांशाचे ०.३३ केले, त्याला चारने भागून ०.०८२५ मिळवले आणि मग ४८० ने गुणले, तर ३९.६ आर येतात. प्रत्येक वारसाचे चाळीस चौरस मीटर गेले. चौघांचे मिळून दीड गुंठ्याहून अधिक. जमीन कोणी बळकावली नाही, ती दशांशाच्या तिसऱ्या स्थळावर सांडली.

म्हणून हिस्सा अपूर्णांकातच लिहावा, गुणाकार-भागाकार अपूर्णांकातच करावेत आणि दशांश अगदी शेवटी काढावा. काढल्यावर सर्व वाट्यांची बेरीज मूळ क्षेत्राशी जुळते का, हे पाहावे. एका हेक्टरचे तीन वाटे चौरस मीटरपर्यंत नेले, तर प्रत्येकी ३३३३ चौरस मीटर होतात आणि बेरीज ९९९९ भरते. उरलेला एक चौरस मीटर कोणाच्या वाट्याला लावायचा, हे तिघांनी ठरवावे आणि तसे लिहावे. दोघांचे ३३३३ आणि एकाचे ३३३४, अशी उघड नोंद झाली की कागद आणि रान यांचा मेळ बसतो. पडताळ्याचे सूत्र शाळेतलेच आहे : भाजक गुणिले भागाकार, अधिक बाकी, बरोबर भाज्य. या सूत्रातील बाकीचे पद गाळले, की समीकरणही चुकते आणि वाटणीही.

पाचवी-सहावीतल्या मुलाला हा भागाकार शिकवताना उत्तराच्या खाली बाक्यांचा रकाना स्वच्छ ठेवायला सांगावे. भागाकार संपणार की फिरणार, हे त्याला तिथेच दिसेल. आणि पुढे कधी घरच्या रानाचा फेरफार त्याच्यासमोर आला, तर हिस्से वाचून झाल्यावर त्यांची बेरीज करून पाहण्याची सवय त्याला आपोआप लागलेली असेल.